काकीच्या शेतातलं इंग्रजी गाऱ्हाणं

माझी काकी चारचौघांत सांगायची, "ह्येच्या गळ्यात चाळीस माणसां रवतत, पण त्यातल्या एकाच्याय हातात कोयतो नाय." खोटं नव्हतं. मला लोकांचे आवाज काढता यायचे. डिचोलीच्या शाळेत मी मुख्याध्यापकांचा खोकला असा खोकायचो की मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत अख्खा वर्ग ताडकन उभा. सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा तोंडाने वाजवला की शेजारणी पावासाठी पिशव्या घेऊन अंगणात, आणि खरा पोदेर अजून दोन वाडे लांब. बसचा कंडक्टर, औषधवाला, रेडिओवर बातम्या सांगणारी बाई, सगळे माझ्याकडे बिनभाड्याने राहायचे. मार्क तेवढे माझ्या स्वतःच्या आवाजात पडायचे, म्हणजे अगदी हळू.

शाळा संपली आणि मी घरी बसलो. नंतर काकीकडे जाऊन बसलो. बसण्यात बदल एवढाच.

काकीचं घर लाटंबार्शाच्या अलीकडे, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. होतं ते घरामागचं चार कुणग्यांचं शेत. कुणगा म्हणजे चारी बाजूंनी मातीची मेर घालून वेगळा केलेला भाताचा तुकडा. त्या चार तुकड्यांत काकी पावसाळ्यात एक भात काढायची आणि थंडीत व्हाळाचं पाणी पाटाने वळवून वायंगणाचं दुसरं. मग एका पावसात वरच्या कुठल्यातरी खाणीच्या ढिगाची माती व्हाळातून खाली आली आणि चारही कुणग्यांवर गुडघाभर लाल थर देऊन गेली. ओला होता तेव्हा शिऱ्यासारखा, सुकला तेव्हा विटेसारखा. उपसायला माणसं मिळेनात, कारण गावातले सगळे धट्टेकट्टे गडी तसल्याच मातीचे ट्रक चालवायला गेलेले.

दोन वर्षं शेत पडून राहिलं. तिसऱ्या वर्षी भावकीचा निरोप आला: "औंदा वायंगण झाला तर झाला. नाय तर थंय आमी ट्रक उभे करूक देतलंव." जमीन सगळ्यांच्या नावावर, त्यामुळे काकीला 'नाय' म्हणता येईना. आणि एकदा ट्रकाची चाकं फिरलेल्या जमिनीत नांगर परत जात नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती भांडली नाही, रडली नाही. दुकानातला तांदूळ रांधायची, आणि भात कसा झालाय विचारलं की "शिजलो" एवढंच म्हणायची.

त्याच वर्षी चतुर्थीनंतर काही परदेशी पोरं डिचोलीत आली. विमान तेव्हा दाबोळीलाच उतरायचं. आता जिथे नवा विमानतळ आहे त्या मोपाच्या सड्यावर, म्हणजे माळावर, गुरं चरायची. आठ जण होते, पाच मुलगे, तीन मुली. अमेरिकेतल्या कुठल्यातरी गव्हाच्या मुलखातून त्यांच्या चर्चने नऊ महिन्यांसाठी पाठवलेले. त्यांचा म्होरक्या सव्वीस-सत्तावीसचा, एवढा उंच की बाजारातल्या चहाच्या दुकानात शिरताना त्याने दाराला दोनदा नमस्कार केला. आम्ही त्याला लांबडा म्हणायचो. मी त्याच्या मागच्या मेजावर बसून मित्रांना त्याचा नमुना दाखवत होतो: "टीऽऽ, नोऽऽ शुगर, प्लीऽऽज." गालात बटाटा धरून बोलायचं, म्हणजे बरोबर जमतं. मित्र हसायचे अचानक थांबले. मी मागे वळलो तर लांबडा माझ्या डोक्यावर उभा.

मला वाटलं, आता पडली. तो हसून म्हणाला, "माझ्या आईलासुद्धा फरक कळला नसता. तुला इंग्रजी येतं?"

"येतं," मी म्हणालो. अर्धं येत होतं. उरलेलं अर्धं मी आवाजात काढायचो.

असा मी त्यांचा दुभाषी झालो. त्यांना काम पाहिजे होतं. त्यांच्या चर्चचा नियमच तसा, आधी हातांनी राबायचं, शब्द नंतर. "कष्टाचं काम," लांबडा बजावून म्हणाला. "सगळ्यात कष्टाचं जे असेल ते." मी त्याला सरळ काकीच्या मेरेवर नेऊन उभं केलं.

काकीने आठही जणांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"जेवतत काय?"

"सगळं जेवतात."

"सोरो?"

"एक थेंब नाही."

"विडी, तंबाखू?"

"नाही."

"मगे ह्यांका झाला काय?" काकी घाबरून म्हणाली.

पोदेर रोज तिथूनच जायचा. तो आपला रविवारी न चुकता चर्चात मिसाला जाणारा. मी त्याला विचारलं, हे तुमच्यातलेच ना? त्याने सायकल थांबवून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "आमचे न्हय रे. ह्यांच्यात सणाचं फेस्तसुद्धा नाय," असं खालच्या आवाजात, कुणाच्या घरातलं दुखणं सांगावं तसं सांगून तो गेला.

पहिल्या दिवशी वाड्यावरच्या बायका जमल्या. दोन वर्षं काकीने हाका मारल्या तेव्हा कुणी आलं नव्हतं. आता गोरी पोरं चिखलात उतरणार म्हणताच वीस-पंचवीस जणी हजर. मेरेवर ओळीने उभ्या, पदर तोंडाला. लांबड्याने कामाआधी डोक्यावरची टोपी काढली, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. दोन-चार वाक्यं झाली की थांबायचा, मी मराठीत सांगायचं, असं ठरलं होतं. पण तो थांबेच ना. त्याच्या गालातल्या बटाट्यातून मला एवढंच कळलं: बापा, शेत, हात, पाठ, राखण, सरळ वाट. मग तो थांबला आणि एक डोळा उघडून माझ्याकडे बघायला लागला.

माझी काय गत झाली असेल बघा. पंचवीस बायका, आठ अमेरिकन, आणि डोक्यात सहा शब्द. देवाकडे मागायचं म्हटल्यावर माझ्या गळ्यातून जो पहिला माणूस बाहेर आला तो आमच्या देवळातला गावकर. जत्रेला, पाडव्याला, कुणाचं लग्न ठरलं की, विहीर खणायला घेतली की तो गाऱ्हाणं घालतो, गावाच्या वतीने देवाला सगळं सांगतो. आवाज खोल, पोटातून. मी तोच आवाज काढला.

"सातासमुद्रापलीकडल्या बापा म्हाराजा! आणि हयच्या माये सातेरी, व्हाळावरच्या राखणदारा म्हाराजा! आज ही परमुलखातली लेकरां तुमच्या पायाकडे इली आसत. ह्येंची भाषा आमका कळणा नाय, आमची ह्येंका कळणा नाय, तुमका दोनय कळतत. ह्या शेतातलो गाळ काढूक ह्येंनी घमेलां धरल्यानी. तेंच्या पाठीक बळ दी. किरडू-काट्यापासून राखण कर. काय वाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा!"

आणि मेरेवरून पंचवीस गळ्यांनी उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

त्या बायकांची चूक नव्हती. गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून ते आपोआपच निघतं. शिंक आवरता येईल, ते आवरत नाही. पलीकडे शेळी चारणारा म्हातारासुद्धा लांबून "व्हय म्हाराजा" म्हणाला.

आठही पोरांचे डोळे उघडले. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. लांबड्याने माझा दंड धरला. "काय म्हणाले ते?"

आता तुम्हीच करून बघा भाषांतर. व्हय म्हणजे येस. म्हाराजा म्हणजे लॉर्ड, किंग, काय म्हणाल ते.

"येस, लॉर्ड," मी म्हणालो.

अक्षर न् अक्षर खरं. आजही मी ते कुठल्याही कोर्टात सांगेन.

मग काम सुरू झालं, आणि काम म्हणजे काय ते त्या पोरांना कळलं. वरचा थर विटेसारखा, तो पिकासाने फोडायचा. खालचा ओला, तो खोऱ्याने ओढून घमेल्यात भरायचा. आणि भरलेलं घमेलं हातोहात देत देत व्हाळापलीकडच्या पडीक सड्यावर नेऊन ओतायचं. घमेलं रिकामं होऊन परत येईपर्यंत दुसरं तयार. पहिल्या दिवशी त्यांनी बूट घालून शेतात पाय टाकला. बूट शेतातच राहिले, माणसं बाहेर आली. तिसऱ्या दिवशी तळव्यांची कातडी उकडलेल्या अळकुडीसारखी सुटली. पाठीवर सदऱ्याचा आकार सोडून बाकी सगळी पाठ लाल. लांबड्याच्या अंगठ्याला कुर्लीने धरलं तेव्हा तो असा ओरडला की ते ओरडणं शिकायला मला दोन दिवस लागले. पण एकानेही घमेलं खाली ठेवलं नाही. त्यांच्यात एक गोठ्यात वाढलेली बुटकी मुलगी होती. ती भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन धावायची. ते बघून आमच्या बायकांनी पदर खोचले. "गे, ही बाय एकटी धावता आणि आमी काय बघीत रवतंव?" असं म्हणत एकेक खाली उतरली. दुसऱ्या आठवड्यात मेरेवर बघायला कुणीच उरलं नाही.

मी सोडून. मी दुभाषी. दुभाष्याला सगळं दिसायला पाहिजे, म्हणून मी सगळ्यांत उंच मेरेवर, आंब्याच्या सावलीत बसायचो. "डावीकडे!" "सांभाळून!" "पेज इली!" एवढं भाषांतर करून करून माझा घसा बसायचा. काकीने एकदा खालूनच विचारलं, "रे, तुका वारो घालूक पाठवू काय कोणाक?" मी ते लांबड्याला इंग्रजीत सांगितलं नाही.

दहा वाजता पेज. मोठ्या टोपात उकड्या तांदळाची, बरोबर भाजलेला सुका बांगडा आणि आंब्याचं खारं. पहिल्या दिवशी पोरांनी बांगडा हुंगून एकमेकांकडे बघितलं होतं. पंधराव्या दिवशी ती त्याच बांगड्याच्या शेपटीवरून भांडत होती.

आता आणखी एक घोटाळा असा की आमच्याकडे कुणी पाण्याचा तांब्या दिला, हात धरून चिखलातून ओढून काढलं, तर आपण म्हणतो, "देव बरें करूं." हिंदू म्हणतो, किरिस्तांव म्हणतो, बस कंडक्टर सुटे मिळाले की म्हणतो. लांबड्याने मला त्याचा अर्थ विचारला. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितला: "देव भलं करो." तो थक्क झाला. त्याच्या घरी पाणी दिल्यावर लोक नुसतं 'थँक्स' म्हणायचे. इथे म्हातारी बाई पेजेच्या वाटीसाठी देवाला हाक मारते! तेव्हापासून तोही सगळ्यांना म्हणायला लागला, "डेव बोरें कोरूं." बायका एवढ्या खूश झाल्या की मुद्दाम त्याला पाणी द्यायच्या. बिचारा दिवसभर पाणी पीत आणि बोरें करीत फिरायचा.

सकाळचं गाऱ्हाणं तर रोजचंच झालं. लांबड्याची प्रार्थना हळूहळू आखूड होत गेली, माझं गाऱ्हाणं लांब. बायका मधूनच आपापलं घुसडायच्या. एकीने नवऱ्याचा खोकला घातला, एकीने म्हशीचं दूध. "व्हय म्हाराजा!"

तीन कुणगे मोकळे झाले, चौथ्यात हात घातला, आणि काकीने शेजाऱ्याच्या कोपऱ्यात तरवा टाकला. तरवा म्हणजे लावणीची रोपं. पंचवीस-तीस दिवसांत ती उपटून लावावी लागतात. त्याहून जास्त ठेवली की रोप आखडतं, मग ते फुटत नाही. म्हणजे आता दिवस ठरले. चौथा कुणगा साफ करायचा, चारांत नांगर फिरवून चिखल करायचा, आणि तरवा म्हातारा व्हायच्या आत लावणी. काकी रोज सकाळी त्या कोपऱ्यात जाऊन रोपांची उंची बोटांनी मापायची आणि घरी येऊन कामाचा हिशेब जुळतो का बघायची. जुळत होता. जेमतेम.

तेव्हाच एक दिवस लांबड्याने मला घरी पाठवायचं पत्र वाचून दाखवलं. गावाचं नाव बरोबर लिहिलंय का ते मी बघावं म्हणून. पत्र मोठं होतं. कळलं ते असं, की ह्या खोऱ्यातले लोक पाण्याच्या घोटागणिक देवाचं नाव घेतात. रोज सकाळी शेतात प्रार्थना होते आणि पंचवीस-तीस माणसं एका आवाजात 'येस, लॉर्ड' म्हणतात. आम्ही अजून एकही शब्द शिकवला नाही, नुसते राबलो, आणि हे घडलं. हे तिसरं पत्र होतं. आधीची दोन पोचलीसुद्धा होती, आणि ती वाचून त्यांचे थोरले पाद्री स्वतः बघायला यायला निघाले होते.

"नाव बरोबर आहे?" लांबड्याने विचारलं.

"नाव बरोबर आहे," मी म्हणालो.

तिथून उठलो तो काकीच्या रांधपाच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ती नारळ खवत होती. खवता खवताच म्हणाली, "म्हणजे तेंका वाटता आमी तेंच्यात गेलंव?"

"हो."

"आणि तू खरा सांगितलंस तर?"

"तर दुसऱ्या दिवशी जातील. त्यांना पाठवलंय कशाला, गाळ काढायला थोडंच?"

काकी खवत राहिली. करवंटी खरवडायला लागली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. "चौथो कुणगो अर्धो रवलोहा," ती म्हणाली. मग, "लावणी होयसर गप रव."

दोन पावलं गेलो असेन, तिने परत हाक मारली. "पण आयक. मी कोणाक फसवूक नाय हां. मी माझ्या देवाकच सांगतंय. तेंचा नाव आदी घेतंव, पावणो म्हणान. तू काय तो घोळ केलंस." आणि खवणी जोरात बाजूला ठेवली. गप्प राहायचं तिनेच सांगितलं होतं, पण तिलाच ते पचत नव्हतं. त्या दिवसापासून लांबड्याला पेज वाढताना ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, आणि बांगडा मात्र दोन वाढायची.

चौथा कुणगा साफ झाला. शेजाऱ्याचं जोत येऊन चारही कुणग्यांत फिरलं. किती दिवसांनी त्या जमिनीत मूळची काळी माती वर आली. काकीने ती चिमटीत घेऊन हुंगली आणि झटकन खाली बघितलं. लावणी सुरू झाली. वाकायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याने तीन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि मागे मागे सरकायचं. उंच माणसांना हे काम म्हणजे शिक्षा. लांबड्याची ओळ कंबर दुखली की डावीकडे जायची, जास्त दुखली की उजवीकडे. बायका त्याच्या मागून फिरून ती सरळ करायच्या. दोन कुणगे लावून झाले.

आणि थोरले पाद्री आले. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, गळ्यात कॅमेरा. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या त्यांनी पोरांचे तळवे हातात घेऊन एकेक बघितले. मग मेरेवर उभे राहिले. लांबड्याने प्रार्थना केली. मी गाऱ्हाणं घातलं, त्या दिवशी जरा आखडतं. "व्हय म्हाराजा!" बायका मात्र नव्या पाव्हण्याला ऐकू जावं म्हणून नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडल्या.

पाद्रींनी चष्मा काढून पुसला. मग मला म्हणाले, "त्यांना विचार, ते ज्याला 'येस' म्हणतात तो लॉर्ड कोण? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

विचारण्यात खोटं नव्हतं, म्हणून मी विचारलं. बायकांनी काकीकडे बघितलं. शेत तिचं, उत्तर तिचं.

काकीला माहीत होतं काय विचारलंय ते. उरलेल्या दोन कुणग्यांकडे तिने एकदा बघितलं. मग चिखलाचा हात लुगड्याला पुसला आणि बोटं मोजायला लागली. "सातेरी. व्हाळावरचो राखणदार. वाड्यावरचो म्हारू. घरची कुळदेवी." करंगळी उरली ती तिने लांबड्याकडे केली. "आणि ह्येंचो देव. तो सातासमुद्रापलीकडसून इलो, म्हणान आदी तेचा नाव. सांग तेंका. नीट सांग."

आठ पोरं, एक पाद्री, पंचवीस बायका माझ्याकडे बघत होत्या. इंग्रजी समजणाऱ्यांना मराठी समजत नव्हतं, मराठी समजणाऱ्यांना इंग्रजी समजत नव्हतं. मी काहीही बोललो असतो तरी चाललं असतं. एक शब्द, आणि उरलेले दोन कुणगे लागले असते. पण काकीने 'नीट सांग' म्हटलं होतं. शिवाय सातेरीचं भाषांतर दुसऱ्या देवाच्या नावाने करायला माझी जीभ वळेना. सातेरी काही अमेरिकेत राहत नाही, तिचं देऊळ माझ्या मागच्या टेकडीवरच होतं.

कुणाचा आवाज काढू ते सुचलं नाही. माझ्या स्वतःच्या बारक्या, चिरक्या आवाजात, मोडक्या इंग्रजीत मी पाचही बोटं मोजून सांगितली. हेही सांगितलं की गाऱ्हाणं आमच्याकडे असंच असतं, 'व्हय म्हाराजा' कुणीही म्हणतं, आणि हा सगळा घोळ माझा, ह्यांचा नाही.

पाद्रींनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. लांबड्याचा चेहरा मी बघितला नाही. खोटं कशाला बोलू, बघितला. कुर्लीने धरलं तेव्हासुद्धा तो असा झाला नव्हता.

ओरडाआरडा झाला नाही. तेच जास्त लागलं. दुपारी निरोप आला की पोरांना दक्षिणेकडे दुसऱ्या कामाला नेणार, उद्याच. लांबड्याने लावणीपुरते चार दिवस मागितले होते म्हणे. मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या आधी तो एकटाच मेरेवर आला. काकीसमोर मान वाकवून म्हणाला, "डेव बोरें कोरूं." काकीने त्याच्या डोक्याला हात लावायचा प्रयत्न केला, पोचला नाही, मग कोपराला लावला.

मला त्याने विचारलं, "इतके दिवस, मी बोललो की तू काय सांगत होतास?"

"ह्यांच्या पाठीला बळ दे. साप-काट्यापासून सांभाळ. वाकडं असेल ते सरळ कर."

"मीही तेच म्हणत होतो," तो म्हणाला. "फक्त लांबवून." मग हसला, पण पूर्ण नाही. "मला तीन पत्रं परत लिहायला लागतील." आणि गेला.

मी आंब्याखाली येऊन बसलो. सवयीने. समोर दोन कुणगे लावलेले, दोन नुसता चिखल. तरव्याचा सत्ताविसावा दिवस. बायका आल्या नाहीत. त्यांची स्वतःची लावणी तोंडावर आली होती, आणि बघायलाही आता काही नव्हतं. काकी एकटी तिसऱ्या कुणग्यात उतरली. वाकली. एक मूठ लावली, दोन लावल्या. मला हाक मारली नाही. टोमणासुद्धा मारला नाही. त्यानेच मला बरं वाटेना.

चपला काढल्या आणि उतरलो.

पहिल्या तासात माझी कंबर कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतात ते कळेनासं झालं. चिखल थंड, वर ऊन, मधे मी. मागे सरकताना मीच लावलेल्या रोपांवर बसलो, दोनदा. पहिल्या दिवशी काकी म्हणाली, "रांग घालतंस काय रांगोळी?" दुसऱ्या दिवशी माझी नखं काळी आणि बोटं सुजून भेंड्यांसारखी. त्या पोरांनी दोन महिने हे केलं आणि मी वरून 'सांभाळून' म्हणत होतो, ह्याची चिखलात लाज वाटते. सावलीत वाटत नव्हती. मी कुणाचा आवाज काढला नाही. श्वासच पुरत नव्हता. शेजारची एक म्हातारी तिसऱ्या दिवशी आपलं आटपून मदतीला आली आणि काकीला विचारायला लागली, "ह्येका काय झाला? बोलणा कसो नाय? दिष्ट लागली काय?"

पाच दिवस लागले. शेवटची मूठ खोचली तेव्हा तरवा एकतीस दिवसांचा झाला होता, काड्या जाड, टोकं पिवळट. मला सरळ उभं राहता येईना.

"रव तसोच," काकी म्हणाली. "घराची चौकट ठेंगणी आसा, कपाळ वाचात."

मग वाट बघणं आलं. लावलेलं रोप आधी सुकतं, ते मला माहीत होतं, पण एवढं? पहिले दोन कुणगे तोवर हिरवे झाले होते आणि आमचे दोन जुन्या केरसुणीसारखे दिसत होते. भावकीतला एक जण मोटारसायकल थांबवून रस्त्यावरूनच बघून गेला. काकी रोज जायची, एक काडी हळूच ओढून बघायची, परत यायची, काही सांगायची नाही. मी तिच्या मागून जायचो आणि दुसरी काडी ओढायचो.

नवव्या दिवशी माझ्या हातातली काडी ओढली तर आली नाही. परत ओढली. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. मी काकीला बोलावलं. ती आली, वाकली, बुडाशी बोट फिरवलं. पिवळ्या पानांच्या मधून एक नवं पान निघालं होतं, सुईएवढं, हिरवं.

"धरल्यान," काकी म्हणाली. तिने पूर्ण कुणग्यावरून नजर फिरवली, मग माझ्यावर आणून ठेवली.

"आता पाटाचा पाणी कोण बघतलो?"